उलटा ब्लाउज

कराडच्या लग्नात आईचा ब्लाउज उलटा होता. मोरपंखी नारायणपेठ, अंबाड्याला अबोलीचा छोटासा गजरा, हातात आहेराची पिशवी, आणि खांद्यावर पदराच्या कडेला ब्लाउजची शिवण सरळ बाहेर आलेली. ओव्हरलॉकचा पांढरा दोरासुद्धा दिसत होता. मुहूर्ताला दहा मिनिटं होती. अक्षता वाटणारी मुलगी आमच्या रांगेपर्यंत पोचली होती. मी आईचं मनगट धरलं, तिला उठवून मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "आई, ब्लाउज उलटा घातलायस." ती म्हणाली, "असू दे." "असू दे काय? बदल पटकन, मी दाराशी उभी राहते." "असू दे गं, पदर घेते मी दोन्ही खांद्यांवरून." आणि मग मी ते वाक्य बोलले. "इतकंही कळेनासं झालंय का तुला?" ती काही बोलली नाही. पदर ओढून घेतला आणि बाहेर जाऊन बसली. मंगलाष्टकं सुरू झाली, तिने अक्षता टाकल्या, उजव्या हाताने. डावा हात अंगापासून जरा लांब, पंखासारखा धरलेला. तोही मला दिसला होता. पण मी त्याचा अर्थ लावला नाही, कारण माझा अर्थ आधीच लावून झाला होता. पंगतीत जिलेबी वाढेपर्यंत मी मोबाइलवर विस्मरणाच्या आजाराची लक्षणं वाचत होते.

संध्याकाळी साताऱ्याला घरी आल्यावर वहिनी साड्यांच्या घड्या घालत होती. मी हळूच विषय काढला, आईला अलीकडे विसरायला होतंय का म्हणून. वहिनीने घडी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, मीच घालून दिला तसा. आतली माया टोचते त्यांना. नागिणीच्या जागेवर."

शिंपी शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतो, ती माया. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून ठेवलेली.

नागीण उठली होती श्रावणात. म्हणजे लग्नाच्या चार महिने आधी. तेव्हा मला फोनवर एवढंच कळलं होतं की "थोडं अंगावर उठलंय, उष्णतेचं असेल." डाव्या कुशीपासून पाठीपर्यंत पट्टा, आधी नुसती आग, मग लालसर पुरळ, मग पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस. शेजारच्या काकूंनी गेरूचा लेप दिला आणि बजावलं, तोंडं जुळू देऊ नका. नागिणीने विळखा पुरा केला की माणूस जातो, हे आपल्याकडे डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत असतं. आई चार रात्री आरशासमोर वाकून पुढचं टोक कुठवर आलंय ते बघत होती. पाचव्या दिवशी दादाने डॉक्टरकडे नेलं. विषाणूवरचं औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग, हे तिथे कळलं. बहात्तर तास तर लेप वाळण्यात गेले होते. विळखा पुरा होणार नव्हताच. पाठीच्या कण्यातून निघणारी प्रत्येक नस अंगाच्या आपापल्या बाजूला जाते, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे, आणि नागीण त्या एका नसेच्या पट्ट्यातून चालते. मधली रेघ ती सहसा ओलांडत नाही. डॉक्टरांनी आईला हेही सांगितलं की हा बाहेरून आलेला आजार नाही, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, त्याच विषाणूने हे केलं. आईला आठवलं. सात वर्षांची असताना, माहेरी, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तिला. अंगावरचं सगळं गेलं, पण तो विषाणू नसांच्या मुळाशी जाऊन झोपला. सत्तर वर्षं. तिची सगळी नोकरी, दोन बाळंतपणं, बाबांचं जाणं, हे सगळं होईपर्यंत तो तिच्या कण्याशी गप पडून होता. वय वाढतं तशी शरीराची राखण सैल पडते, तेव्हा उठला.

मग फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि आमच्यापुरता विषय संपला. कातडीवर पुसट डाग राहिले तेवढे. दुखणं मात्र तिथेच होतं. त्याला आता दाखवायला काहीच नव्हतं.

मी दर दोन दिवसांनी फोन करत होते, हे माझ्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण मी विचारत काय होते, तेही सांगितलं पाहिजे. "बरं आहे ना?" 'बरं आहे का' आणि 'बरं आहे ना' यांत एका अक्षराचा फरक. पहिल्या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. दुसऱ्याला एकच असतं, आणि ते विचारणाऱ्याने आधीच तोंडात घालून दिलेलं असतं. आई "हो, बरंय" म्हणायची आणि मग आम्ही भाजीच्या भावावर यायचो. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. समोरच्याला कुठलं उत्तर हवंय हे तिला कळणार नाही होय?

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी तिला पुण्याला बोलावलं. गाडी घेऊन येते म्हटलं तर नको म्हणाली. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून, तिला दुसऱ्या कुठल्या वाहनाने जाणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकल्यासारखं वाटतं. स्वारगेटला मी खिडकीतून तिला पाहिलं. गाडी थांबली होती, लोक उतरत होते, आणि ती पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून, सीटच्या अगदी काठावर, ताठ बसली होती. पाठ टेकलेलीच नव्हती. खंबाटकी घाट, शिरवळ, खेड शिवापूरचा टोलनाका, सगळा रस्ता अशीच. "झोप लागली की पाठ टेकते आपोआप," ती म्हणाली, "म्हणून जागीच राहिले."

पेन क्लिनिक असं काही असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?" आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चार." मी चमकले. रात्री तीनला उठून बसते, अंगावर पातळ चादर सहन होत नाही, आणि चार? डॉक्टरांनाही खटकलं असावं. त्यांनी विचारलं, "दहा कधी होईल मग?" आई म्हणाली, "दहापैकी दहा मी कधी कुणाला दिले नाहीत. पैकीच्या पैकी दिले की पोर बिघडतं." डॉक्टर हसल्या. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, कसं दुखतं ते सांगा. इथे मात्र आई खुलली. "आग असते कायम, मिरची कांडून हात धुतला नाही तर होते तशी. त्यात मधेच सणक जाते, विजेची तार लागल्यासारखी. आणि नुसतं कापड लागलं तरी जीव जातो, पण दाबून धरलं तर एवढं नाही. ठणका नाही हं. ठणका गुडघ्यात असतो, तो वेगळा."

डॉक्टरांनी हे शब्द जसेच्या तसे मराठीत लिहून घेतले. म्हणाल्या, निम्मं निदान यातच झालं. ठणका, ठसठस, रग हे बहुधा सांध्याचं, स्नायूचं, सुजेचं दुखणं. आग, सणक, मुंग्या, टोचणी म्हणजे नस बोलते आहे. त्यांची औषधं वेगळी, एकाची दुसऱ्याला सहसा लागू पडत नाहीत. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दुखण्याच्या विशेषणांचीच एक प्रश्नावली केली, मॅकगिल प्रश्नावली म्हणतात तिला, हे मी नंतर वाचलं. रुग्णाला नुसता आकडा विचारू नये, शब्द विचारावा, हे त्यामागचं म्हणणं. आपल्याकडे तर ही यादी घरोघरी तोंडपाठ. कळ, चमक, उसण, लचक, ओढ, भणभण, शिणक. माझ्या मुलीला विचारलं तर तिला यातले दोन शब्द माहीत होते. तिला दुखतं तेव्हा 'पेन होतंय'. तिची म्हातारपणी पंचाईत होणार आहे.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, या दुखण्यामुळे काय करता येत नाही? आई म्हणाली, "केस विंचरता येत नाहीत. हात वर केला की कापड ओढलं जातं. सून विंचरते."

मला हेही माहीत नव्हतं.

औषधांचा प्रवास मी थोडक्यात सांगते, कारण तो कुणाच्याच घरी थोडक्यात होत नाही. आधी तिच्या पर्समधली पाकिटं रिकामी केली. गुडघ्यासाठी म्हणून केमिस्टने कधीतरी दिलेली डायक्लोफिनॅकची गोळी ती सहा-सात वर्षं मनाने घेत होती, 'फार झालं तर एक' अशी, आणि नागिणीनंतर दिवसाला दोन. रक्तदाबाची गोळी होतीच. रक्त तपासलं तर क्रिएटिनीन १.६, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. अशा गोळ्या म्हाताऱ्या मूत्रपिंडाला, जठराला आणि रक्तदाबालाही महागात पडतात, शिवाय नसेच्या आगीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणजे नुकसान पदरात आणि आराम नाही. मला गिधाडं आठवली. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडं पाहिली होती, पुढे ती दिसेनाशी झाली. जनावरांना टोचलेलं हेच डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. माणसाचं शरीर गिधाडाइतकं हळवं नाही हे खरं. पण मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरी वाचले की मी." आणि पाकीट स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं. गुडघ्यासाठी साधं पॅरासिटामॉल ठरलं, तेही मोजून, आणि खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम.

नसेसाठी पहिलं औषध दिलं ॲमिट्रिप्टिलीन, रात्री दहा मिलिग्रॅम. केमिस्टच्या पोऱ्याने उत्साहाने सांगितलं की हे डिप्रेशनचं आहे. आई घरी येऊन गप्प. रात्री म्हणाली, "मला वेड लागलंय असं वाटतं का त्यांना?" डॉक्टरांना फोन लावून दिला. डिप्रेशनला याच्या कितीतरी पट डोस लागतो, एवढ्या थोड्या डोसात ते नसेची बडबड कमी करतं, असं त्यांनी समजावलं. झोप लागली, पण तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना, आणि एका पहाटे तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. या वयात या औषधाने असा गोंधळ होऊ शकतो म्हणून ते थांबवलं. दुसरं दिलं गॅबापेंटिन, मूळचं फिटचं औषध. "एक वेडाचं, एक फेफऱ्याचं," आई म्हणाली, "दुखण्याचं औषध काढलंय की नाही कुणी?" मूत्रपिंड बघून अगदी कमी डोसाने सुरुवात, आणि वाढ गोगलगायीच्या चालीने. त्याने घेरी यायची, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसून शंभर आकडे मोजायचे, मग पाय टाकायचा. संडासापर्यंत छोटे दिवे लावले. मधे एक मलम झालं, मिरचीतल्याच तिखट द्रव्याचं. ते नसेला आधी भडकवतं आणि मग दमवतं म्हणे. आईने दोन दिवस लावलं आणि ट्यूब परत दिली. "मिरचीच लावायची तर आपल्या डब्यात काय कमी होती?"

आग गेली नाही. कमी झाली. चादर सहन होऊ लागली, पाचेक तास सलग झोप मिळू लागली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, तुम्हाला काय परत हवंय ते सांगा, आपण त्यासाठी भांडू. आईने सांगितलं होतं, "भजनाला दीड तास बसता आलं पाहिजे." मला तेव्हा राग आला होता. एवढंच? लोक चंद्रावर चाललेत आणि माझ्या आईसाठी दीड तासाचं भजन? आता वाटतं, दोघींनी मिळून फार नेमका सौदा केला होता.

माझ्या आजीचं दुखणं आठवतं. तिचे पाय दुखायचे. रोज संध्याकाळी ती सतरंजीवर पालथी पडायची आणि आम्हा नातवंडांना हाक मारायची, पाय तुडवायला. भिंतीला हात टेकून आम्ही तिच्या पोटऱ्यांवरून, मांड्यांवरून, कमरेवरून चालायचो. मी हलकी म्हणून मला पाठ, दादाला मांड्या. खाली तिचं अंग भाकरीच्या पिठासारखं हलायचं आणि ती डोळे मिटून "हां, तिथेच, तिथेच" म्हणायची. मग विटेचा शेक, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, निर्गुडीच्या पाल्याचा वास. टाचेला बिब्ब्याचे काळे डाग होते तिच्या. लागलं की चोळायचं, दुखलं की दाबायचं, रडलं की पाठीवरून हात फिरवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याचं शास्त्र १९६५ साली आलं, याच मेलझॅकने पॅट्रिक वॉलबरोबर मांडलेलं. मणक्यात जणू एक फाटक असतं, स्पर्शाचे संदेश गर्दी करून आले की ते दुखण्याच्या संदेशांसाठी लोटून घेतं. आजीने दहा पैशांच्या लिमलेटच्या गोळीवर आमच्याकडून ते फाटक रोज लावून घेतलं.

आईच्या बाबतीत हे फाटकच मोडलंय. जखमी नस हलका स्पर्शसुद्धा दुखणं म्हणून वर कळवते. म्हणजे हात फिरवला की दुखतं. फुंकर घातली तरी दुखतं. घरात कुणी आजारी असलं की आपल्याला जे एक करता येतं, तेच करायचं नाही. मी निघताना तिला जवळ घ्यायचे, पाठीवर थोपटायचे. चार महिने थोपटत होते. ती हलली नाही कधी. आता आठवलं की माझाच तळहात मला नकोसा होतो.

आणि वहिनीबद्दल जे वाटलं तेही लिहून टाकते. आधी आभार वाटले नाहीत, असूया वाटली. ब्लाउज उलटा करून घालायची युक्ती, उजव्या कुशीखाली द्यायची उशी, जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा आधी अंगावर आणि मग ब्लाउज, ही सगळी व्यवस्था त्या दोघींनी मिळून, मला न विचारता, बसवली होती. दुखण्याचा संसार मांडला होता म्हणा ना. मी लांबून तज्ज्ञ शोधत होते. वहिनीला नागिणीची लस घ्यायला मी सांगितलं, २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतर देतात, दोन डोस, स्वस्त नाही. आईला आता या दुखण्यावर तिचा उपयोग नव्हता. वहिनी म्हणाली, "आधी तुम्ही घ्या ताई, तुम्ही मोठ्या." दोघींनीही अजून घेतलेली नाही. आपण कशा आहोत ते यावरून कळावं.

गणपतीत आई छान होती. इतकी की एका सकाळी तिने एकटीने एकवीस मोदक केले, उकड मळण्यापासून. पुढचे तीन दिवस पडून. डॉक्टरांनी बजावलं होतं की बऱ्या दिवशी सगळी उधारी फेडायला जाऊ नका, चांगल्या दिवशीही काम तेवढंच, वाईट दिवशीही थोडं तरी. आईला हे पटत नाही. बरा दिवस हा तिच्या मते सुट्टीचा नाही, कामाचा दिवस असतो. मी ओरडले नाही. मोदक खाल्ले. हल्ली फोनवर मी विचारते, "आज काय काय केलंस?" तेवढ्यावरून कळतं. "काही नाही, पडूनच होते" हे उत्तर पहिल्यांदा आलं, तेव्हा आत काहीतरी तुटलं आणि बरंही वाटलं. ती माझ्याशी खरं बोलली होती.

दिवाळीआधी मी तिचे दोन ब्लाउजपीस घेऊन तिच्या नेहमीच्या टेलरकडे गेले. मऊ सुती, अस्तर नको, डावी बाजू बोटभर सैल, आणि सगळ्या शिवणी बाहेरून. टेलरने चष्मा वर केला. "म्हणजे उलटा शिवायचा?" "उलटा नाही. माया बाहेर ठेवायची." "दिसेल की हो ते." "दिसू द्या." त्याने वहीत लिहून घेतलं आणि वर म्हणाला, चूक झाली असं उद्या म्हणू नका.

परवा दादाच्या नातीचं बारसं होतं. आईने त्यातला एक घातला, अबोली रंगाचा. पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, पाठ न टेकता, पाळण्याचं गाणं गळ्यातल्या गळ्यात गुणगुणत. धाकटी मामी माझ्याजवळ सरकली, कानाशी येऊन म्हणाली, "अगं, वन्संचा ब्लाउज उलटा झालाय. आत ने ना जरा त्यांना." मी काही बोलायच्या आत आईने मान वळवली. कान अजून तिखट आहेत. "उलटा नाही गं, सुलटाच आहे. टेलरला विचार." मामी ओशाळून हसली आणि हसता हसता तिचा हात आईच्या पाठीकडे निघाला. मी पुढे झाले आणि त्या हातात घुगऱ्यांचं ताट दिलं.